शेजारच्या जागेतला रस्ता

दिराने सांगितलेली गोष्ट खरं तर हसण्याचीच होती. पाच टनांची नवी प्रेस मशीन घेऊन ट्रक आला आणि गल्लीच्या तोंडाशी अडला. ड्रायव्हरने आरसे मिटवले, ट्रक पुढे घेतला, मागे घेतला, शेवटी खाली उतरून दोन्ही बाजूंच्या भिंती हाताने चाचपल्या आणि म्हणाला की इथून मी माझी सायकलसुद्धा जपून नेईन. मग क्रेनने मशीन तिथेच उतरवली. खाली लोखंडी पाइप टाकले, आणि दीर, त्याचे तीन कामगार, शेजारच्या पॅकिंगवाल्याची माणसं अशा नऊ जणांनी ती दीडशे मीटर ढकलत नेली. मागचा पाइप मोकळा झाला की उचलायचा आणि पुढे टाकायचा. सकाळी नऊला लागले, शेडच्या दारात पोचेपर्यंत चार वाजले.

"पूर्वीचे राजे दगड असेच न्यायचे म्हणे," दीर म्हणाला. "माझ्याकडे फक्त मुकुट नव्हता."

रविवारची सकाळ होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सगळे चहा घेत बसले होते. नवरा हसला, जाऊ हसता हसता दिराच्या सोललेल्या तळव्यांना मलम लावू लागली. थोरलीने मात्र कप खाली ठेवला.

"भावोजी, तिथे नऊ मीटरचा रस्ता आहे."

"कुठे?"

"तुमच्या जागेसमोर. नकाशावर आहे."

"मग नकाशावरूनच न्यायला हवी होती मशीन," दीर म्हणाला, आणि टेबल पुन्हा हसलं.

ती घरातली मोठी सून म्हणून थोरली. नियोजन कार्यालयात ती बावीस वर्षं ड्राफ्ट्समन होती. आलेले नकाशे तपासायचे, मापं जुळतात का बघायचं, नियमात बसतं का बघायचं आणि बसत असेल तर शिक्का मारून सही करायची. दोन वर्षांपूर्वी दिराने भाड्याची जागा सोडून स्वतःची घ्यायचं ठरवलं, तेव्हा घेण्याआधी त्याने नकाशा तिच्यासमोर ठेवला होता. वहिनी, तुम्ही हो म्हणालात तर घेतो, असं म्हणाला होता. आणि ती म्हणाली होती, घ्या, रस्ता चांगला आहे.

चहा तसाच ठेवून ती उठली, कपाटातला मोजायचा टेप पिशवीत टाकला आणि बसने त्या औद्योगिक भागात गेली.

ती जमीन पूर्वी एका काचकारखान्याची होती. कारखाना बंद पडला आणि ती एका माणसाने घेतली. सगळे त्याला जागावाला म्हणत, कारण त्याचा तोच धंदा होता. मोठी जमीन घ्यायची, कापायची आणि विकायची. मुख्य रस्त्याला लागून एक रिकामा पट्टा होता, त्यावर झुडपं माजलेली. तो पट्टा ओलांडला की गल्ली सुरू व्हायची. गल्लीच्या दोन्ही अंगांना शेड: पॅकिंग, पावडर कोटिंग, रबराचे वॉशर, आणि मधोमध दिराचं पत्राकाम. थोरलीने तोंडाशी टेप धरला. दोन मीटर नव्वद. विजेच्या खांबापाशी दोन मीटर वीस.

तिला वाटलं होतं, कोणीतरी भिंत पुढे घेतली असणार. अतिक्रमण असतं तर बरं झालं असतं. नोटीस काढता येते, भिंत पाडता येते, राग काढायला एक माणूस मिळतो. पण तिने एकेका शेडची भिंत मोजली. एकही भिंत बोटभर पुढे नव्हती. प्रत्येकाने आपल्या हद्दीपासून नियमाप्रमाणे दीड मीटर जागा सोडली होती. समोरासमोरचे दीड अधिक दीड, वजा दोन्हीकडचं प्लास्टर. ज्याला सगळे गल्ली म्हणत होते ती गल्ली नव्हतीच. दोन शेजाऱ्यांनी उजेड-वाऱ्यासाठी सोडलेली ती फट होती.

सोमवारी तिने रेकॉर्डमधून त्या जमिनीच्या फायली काढायला सांगितल्या. रेकॉर्डवाल्याने विचारलं, कुठली हवी? ती म्हणाली, सगळ्या. त्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू हिने सगळं कपाटच डोक्यावर घेऊन जायचं ठरवलंय. फायली अर्जदाराच्या नावाने लावलेल्या असत. एका जमिनीच्या सगळ्या फायली एकत्र काढायची वेळ आजवर कोणावर आली नव्हती. एक जागावाल्याच्या नावाची, दोन त्याच्या बायकोच्या, एक सासूची, मग मेव्हणा, मेव्हण्याची कंपनी, कंपनीतला भागीदार. तासाभराने टेबलावर अकरा फायली जमल्या. नावं वाचताना तिला वाटलं की हा जमिनीचा कागद नाही, लग्नाची आमंत्रणयादी आहे.

नियम साधा होता. पाच हजार चौरस मीटरच्या वर जमीन तोडायची असेल तर पूर्ण आराखडा लागतो. त्यात रस्ता काढावा लागतो, पाणी वाहून जायला नाला, थोडी मोकळी जागा. त्याच्या आत असेल तर यातलं काही लागत नाही, फक्त पोचायला रस्ता आहे एवढं दाखवायचं. म्हणून जागावाल्याने पंचावन्न हजार चौरस मीटरची जमीन कधी एकदम तोडलीच नाही. चार वर्षांत, दर चार-पाच महिन्यांनी, चार हजार नऊशेचा एकेक तुकडा काढला. प्रत्येक वेळी फाईल वेगळ्या नावाने आली, मिळेल त्या टेबलावर गेली.

आणि प्रत्येक नकाशावर रस्ता होता. नऊ मीटर रुंद, ठसठशीत, दुहेरी रेघेत. तो फक्त अर्जदाराच्या लाल हद्दीच्या बाहेर होता. त्याच्यावर लिहिलेलं असे: शेजारच्या जागेतून.

हे कार्यालयाच्या सवयीचं होतं. तपासायचं ते लाल रेघेच्या आत. बाहेर जे असेल ते शेजारच्याच्या फायलीत तपासलं जाईल, असं प्रत्येक तपासणारा धरून चालायचा. थोरलीनेही बावीस वर्षं तेच धरलं होतं.

अकरा नकाशे एकत्र लावणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. प्रत्येक नकाशावर उत्तर दिशा सोयीप्रमाणे वळवलेली होती, प्रमाण वेगळं, काहींच्या तर फक्त कागदी प्रती. नकाशे एकावर एक ठेवून बघायची पूर्वीची दिव्याची काचेची टेबलं कॉम्प्युटर आले तेव्हाच भंगारात गेली. तिने सगळे नकाशे एका मापात आणून पारदर्शक कागदावर उतरवले, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या खिडकीच्या काचेवर, बाहेरच्या उजेडासमोर, एकेक करून चिकटपट्टीने लावले. तीन दिवस तिच्या टेबलामागे उजेड आला नाही. येणारे-जाणारे विचारत, बाई, पडदे कधी घेतले?

तिसऱ्या दुपारी शेवटचा कागद बसला. तिसऱ्या तुकड्याचा रस्ता चौथ्यात होता. चौथ्याचा तिसऱ्यात. पाचव्याचा सहाव्यात, सहाव्याचा दिराच्या सातव्यात, आणि सातव्याचा, जो तिने स्वतः तपासला होता, जिथे तिची तिरकी सही होती, तो परत सहाव्यात. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या जमिनीवर रस्ता काढला होता आणि शेजाऱ्याने त्याच रस्त्यावर शेड. नाल्याचंही तेच. काचकारखान्याच्या काळात तिथून एक ओढा वाहत होता. अकरा नकाशांत मिळून तो अकरा वेळा शेजारच्याकडे ढकलला गेला होता आणि शेवटी कोणाकडेच उरला नव्हता.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खिडकीकडे पाहत ती उभी राहिली, आणि नेमकं कोणावर ओरडावं हे तिला कळेना. म्हणून राग आणखी वाढला. अकरापैकी चार सह्या तिच्या होत्या.

याच सुमारास, आणि हा निव्वळ योगायोग, वरच्या कार्यालयातून पत्र आलेलं होतं. औद्योगिक जमिनींची तुकड्या-तुकड्यांनी जी विभागणी झाली आहे तिचा स्थानिक पातळीवर आढावा घ्या. साहेबांनी त्यासाठी एक तक्ता केला. प्रत्येक फायलीला एक ओळ, आणि शेवटच्या रकान्यात: नियमात आहे किंवा नाही. तो तक्ता त्यांनी थोरलीकडेच दिला. सोबत बारावी फाईल होती. जागावाल्याच्या हातात उरलेला शेवटचा तुकडा, म्हणजे मुख्य रस्त्यालगतचा तो झुडपांचा पट्टा. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गोदाम बांधायचं होतं. आणि पोचायचा रस्ता? ते तर मुख्य रस्त्यावरच होतं. बाकीच्या अकरांनी कुठून जायचं हे त्या नकाशावर नव्हतं, कारण अकराजण लाल रेघेच्या बाहेर होते.

ती साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. कोणाकडून चहाही घ्यायचे नाहीत. पण त्यांनी आयुष्यात एकही फाईल दुसऱ्या फायलीशेजारी ठेवून पाहिली नव्हती. तिने खिडकीजवळ नेऊन दाखवलं. त्यांनी पाहिलं, चष्मा काढून पुसला.

"यातली कुठली फाईल नियमाबाहेर आहे, बाई?"

"एकही नाही."

"मग तक्त्यात तसं लिहा. आणि बारावी गुरुवारी परवानगी देणाऱ्या समितीपुढे ठेवा. आपण फाईल तपासतो. शहर तपासत नाही."

ती म्हणाली की मग ते कोणाचं काम आहे ते तरी सांगा, मी त्याच्याकडे जाते. साहेबांनी दाराशी जाता जाता एवढीच आठवण करून दिली की सातवी जागा तिच्या दिराची आहे, सही तिची आहे, आणि हा कागद समितीपुढे गेला तर पहिली बोटं तिच्याकडे वळतील. धमकी नव्हती ती. साहेबांना खरोखर काळजी वाटत होती, आणि तिला त्याचाच जास्त संताप आला.

घरी पोचली तर दीर वाट पाहत होता. खिडकीवरच्या कागदांची बातमी जागावाल्यापर्यंत पोचली होती आणि तो त्याच्या शेडवर येऊन गेला होता. गोड बोलला. गोदामाला मोठं गेट असणार आहे, त्याची एक चावी तुला देतो, लेखी देतो म्हणाला. वहिनींना फक्त सांग, डोक्यात राख घालून घेऊ नका.

"स्वतःच्या कारखान्यात जायला दुसऱ्याची चावी?" थोरली म्हणाली.

"आता कुठे माझी स्वतःची वाट आहे? चावी तरी मिळेल."

"आणि त्याने उद्या कुलूप बदललं तर?"

दिराने मग आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, तो असा हळू बोलू लागला की समजायचं, आता खरं चिडला. त्याने विचारलं, तुमचा कागद समितीत गेला तर काय होईल? ती खोटं बोलू शकली असती. तिने सांगितलं: अकरा परवानग्या अडकतील. रस्ता काढायचा ठरला तर दोन्ही बाजूंनी साडेचार-साडेचार मीटर जाईल. दीड सोडलेलेच आहेत, म्हणजे प्रत्येक शेडचे तीन मीटर पाडावे लागतील. तुमच्यासुद्धा.

"तुमच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून जागा घेतली मी, वहिनी," दीर म्हणाला. "आता तुमच्या रागावर विश्वास ठेवून पाडू?"

जाऊ मध्ये पडली, नवरा म्हणाला उद्या बोलू. कोणी उद्या बोललं नाही. पुढचे सहा दिवस दीर तिच्याशी जाऊमार्फत बोलला. वहिनींना सांग, गिझर बंद करायला. वहिनींना सांग, त्यांचं पत्र आलंय. एकाच टेबलावर समोरासमोर बसून.

ती तक्ता पुढ्यात घेऊन बसे. रकाना छोटा होता. नियमात आहे, एवढं लिहिलं की झालं. ते खोटंही ठरत नव्हतं, आणि याच गोष्टीने तिची झोप उडवली होती. कोणी खोटं लिही म्हणालं असतं तर नाही म्हणणं सोपं होतं. इथे सगळं खरं लिहून माणसं कोंडली जाणार होती.

गुरुवारी अकरा वाजता समिती बसली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मध्यभागी अध्यक्षबाई. त्या पूर्वी इंजिनिअर होत्या आणि दर वाक्यानंतर घड्याळ बघत. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला जागावाला आणि त्याचा प्लॅनवाला. अकरापैकी आठ नकाशे याच प्लॅनवाल्याने काढलेले. साहेबांनी सांगितलं की आढाव्यात सर्व फायली नियमात आढळल्या, बारावीला हरकत नाही. अध्यक्षबाईंनी सवयीने पेन उचललं.

थोरलीने गुंडाळी उघडून टेबलावर पसरली. कडांवर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या.

"हे काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

ती म्हणाली की याच अकरा फायली आहेत, एका कागदावर जोडलेल्या, जागेवर मोजलेल्या फटीसकट. आणि प्लॅनवाल्याकडे वळून तिने त्याला एक साधं काम करायला सांगितलं. मुख्य रस्त्यावर बोट ठेवा, आणि बोट न उचलता सातव्या तुकड्यापर्यंत जा. फक्त रस्त्यावरून.

प्लॅनवाला हसला. त्याने बोट ठेवलं. बाराव्या तुकड्यात रस्ता नव्हता, तिथून तो झुडपांवरून सरकला, तिने तेवढं चालवून घेतलं. पुढे पहिल्याची शेड आली. तो डावीकडे वळला, दुसऱ्याची शेड आली. मागे आला. मधली फट सापडली, तिच्यातून तो हळूहळू पुढे गेला आणि विजेच्या खांबापाशी थांबला. तोपर्यंत हसू गेलं होतं. यातले बहुतेक नकाशे त्याने काढले होते आणि हे सगळे एकत्र त्यानेही कधी पाहिले नव्हते, हे त्याच्या तोंडावर दिसलं. अध्यक्षबाईंनी आपलं बोट ठेवलं. त्याही अडकल्या. त्यानंतर त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

जागावाला मात्र खुर्चीत मागे रेलला. शांतपणे म्हणाला की घेणाऱ्याने बघून घ्यायचं असतं. आणि तपासणाऱ्याने तपासून. इथे चार सह्या कोणाच्या आहेत ते एकदा विचारा की.

"माझ्या," थोरली म्हणाली. "सातवी जागा माझ्या दिराची. मीच त्याला घ्या म्हणाले. हे सगळं मी तक्त्यात लिहिलंय, वाचा."

तक्त्यात तिने रकाने भरलेच होते. अकरा वेळा: नियमात आहे. त्याखाली हाताने दोन ओळी. अकराही नियमात आहेत. रस्ता एकीतही नाही. यातल्या चार मी तपासल्या आहेत. आणि सही.

साहेबांनी टेबलाकडे पाहत खोकल्यासारखं केलं. अध्यक्षबाईंनी तो कागद दोनदा वाचला. मग बराच वेळ टोलवाटोलवी झाली. रस्ता कोणी द्यायचा यावर जागावाल्याचं उत्तर तयार होतं: ज्यांना हवा त्यांनी द्यावा, आपापसात बघून घ्यावं. थोरलीचा आवाज तिथे पहिल्यांदा चढला. ती म्हणाली की बारावा तुकडा त्याच जमिनीचा उरलेला भाग आहे, मालक तोच, मग या तुकड्यातून रस्ता काढल्याशिवाय गोदामाची वीटसुद्धा रचता कामा नये. आतल्यांचे तीन-तीन मीटर जाणार आहेत, तर याचे पूर्ण नऊ जाऊ देत. नाहीतर कागदावर अकरा लोकांना कोंडणाऱ्याला आपण बक्षीस म्हणून गेट देतोय.

साहेब म्हणाले, बाई, सांभाळून. ती म्हणाली, बावीस वर्षं सांभाळलं, त्याचंच हे झालंय.

निर्णय व्हायला दुपार झाली. बारावी फाईल परत. मुख्य रस्त्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत नऊ मीटरचा रस्ता एकाच आराखड्यात दाखवेपर्यंत कुठलीच परवानगी नाही. आराखडा कार्यालयाने करावा. जागावाला उठला, अपील करतो म्हणाला आणि जाताना थोरलीला वाकून नमस्कार केला, असा की तिला तो थोबाडीत मारल्यासारखा लागला.

आठवड्याभराने ती दोन मोजणीवाले घेऊन जागेवर गेली. रस्त्याची कड प्रत्येक शेडवर लाल रंगाने आखायची होती. पॅकिंगवाला तिच्या खानदानाचा उद्धार करत राहिला. पावडर कोटिंगवाल्याने विचारलं, या तीन मीटरची भरपाई तुमच्या पगारातून का? एका बाईने शेडच्या दारातून पाणी असं फेकलं की त्यांच्या पायांवर यावं. थोरलीने टेप पुढच्या भिंतीला लावला. त्यांचा राग चुकीच्या माणसावर होता असं तिला वाटलं नाही. अर्धाच चुकीच्या माणसावर होता.

सातव्या शेडपाशी दीर उभा होता. रेघ त्याच्या ऑफिसच्या केबिनमधून आणि माल ठेवायच्या फळ्यांमधून जात होती. तो ती आखली जाताना बघत राहिला. मोजणीवाले पुढे गेले तेव्हा तो बोलला, दोन आठवड्यांत पहिल्यांदा थेट तिच्याशी.

"अपिलात कार्यालयाकडून कोण बोलणार?"

"साहेब."

"ते काय सांगतील?"

"की प्रत्येक फाईल नियमात होती."

दिराने मान हलवली. त्याचा चेहरा मऊ झाला नाही, आणि तिलाही तशी अपेक्षा नव्हती. त्याने तारीख विचारली. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला, ती म्हणाली. त्याने तो मोठा कागद मागितला, समितीपुढे ठेवलेला. मूळ कार्यालयात होता, पण एक प्रत तिच्या पिशवीत होती. तिने दिली.

"माझा राग जाणार नाही, वहिनी," तो म्हणाला. "तीन मीटर माझे जाणार आहेत. पण त्याचे नऊ वाचले तर मला ते झेपायचं नाही."

त्याने शटर अर्धं खाली ओढलं, कागद काखेत मारला आणि समोरच्या पॅकिंगवाल्याच्या दारावर थाप दिली. पॅकिंगवाला पुन्हा शिव्या द्यायला तोंड उघडतोय तोवर दिराने त्याच्या टेबलावरचे खोके हाताने बाजूला सारले, कागद पसरला आणि त्याला म्हणाला, बोट ठेव इथे. थोरली फटीत उभी होती. तिला आतलं दिसत नव्हतं. पॅकिंगवाल्याचा आवाज काही क्षण थांबला, आणि पुन्हा आला तेव्हा शिव्या त्याच होत्या, पण त्यांच्यात आता जागावाल्याचं नाव होतं. दीर बाहेर आला आणि पावडर कोटिंगवाल्याकडे निघाला. पॅकिंगवाला त्याच्या मागोमाग. पॅकिंगचे खोके रचलेल्या फटीत दोघांना शेजारी शेजारी चालता येईना, म्हणून थोरली भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने त्यांना आधी जाऊ दिलं.